आमवाताच्या पेशंटसाठी झोपेची मराठी प्रश्नावली: व्हॅलिडेशन करायचं कसं

पीजीचं पहिलं वर्ष संपत आलं की हा विषय हमखास कुणाच्या तरी डोक्यात येतो. आमवाताचे (रूमॅटॉइड आर्थरायटिस) पेशंट ओपीडीत झोपेबद्दल इतकं बोलतात, तर एखादी झोपेची प्रश्नावली मराठीत आणून व्हॅलिडेट करूया, म्हणजे ती जे मोजायचं तेच आणि भरवशाने मोजते का ते तपासूया, रक्त काढायचं नाही, मशीन लागत नाही, फॉर्म भरून घ्यायचे, एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे, अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) काढायचा, झाला थिसिस. विषय चांगलाच आहे, फक्त बहुतेक जण वेळ चुकीच्या जागी घालवतात. आकडेमोडीला दोन दिवस पुरतात. खरं काम आहे ते पेशंटसमोर बसून तिने प्रश्नाचा काय अर्थ लावला हे ऐकण्याचं, आणि तेच सगळ्यात घाईत उरकलं जातं. म्हणून खाली ते जरा सविस्तर लिहिलंय आणि जे कुठल्याही पुस्तकात मिळतं ते भराभर उरकलंय.

उदाहरणासाठी पीएसक्यूआय घेऊ, म्हणजे पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स. १९८९ साली बायसी आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग विद्यापीठात बनवलेली, गेल्या एका महिन्याच्या झोपेबद्दल विचारणारी. पेशंटने स्वतः भरायचे १९ प्रश्न, वर शेजारी झोपणाऱ्याला विचारायचे ५, पण त्या पाचांना मार्क नाहीत. १९ प्रश्नांतून ७ घटक निघतात, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ० ते २१. जास्त मार्क म्हणजे वाईट झोप आणि ५ च्या वर गेलं की झोप खराब धरतात. दुसरे पर्यायही आहेत. आयएसआय, म्हणजे इन्सोम्निया सिव्हिरिटी इंडेक्स, ७ प्रश्नांची आहे, ० ते २८, निद्रानाशापुरती छान आणि छोटी. एपवर्थ स्लीपीनेस स्केल ८ प्रश्नांची आहे पण ती दिवसा पेंग किती येते ते मोजते, रात्री झोप कशी झाली ते नाही, आणि तिच्यात तासभर गाडीतून प्रवास करताना डुलकी लागते का असलेही प्रश्न आहेत जे आपल्याकडे एसटीच्या खिडकीत बसलेल्या माणसाला विचारले तर निरोगी माणूसही हो म्हणेल. तुम्हाला काय मोजायचंय ते आधी ठरवा. आमवातात झोप लागायला उशीर, मध्यरात्री ठणक्याने जाग, पहाटे सांधे जखडलेले आणि दिवसभर थकवा असं सगळं मिश्रण असतं, त्यामुळे पीएसक्यूआयसारखी पसरट प्रश्नावली इथे बरी पडते. पण तिचा पसरटपणाच पुढे त्रास देतो, ते येईलच.

सगळ्यात आधी परवानगी. पीएसक्यूआयचा कॉपीराइट पिट्सबर्ग विद्यापीठाकडे आहे आणि वाटप मापी रिसर्च ट्रस्टच्या ईप्रोव्हाइड वेबसाइटवरून होतं. तिथे अकाउंट काढा, मराठी आवृत्ती आधीच आहे का ते बघा, थिसिस आहे की कंपनीची ट्रायल ते लिहा, फी लागते की नाही हे त्यावरच ठरतं. मराठी आवृत्ती मिळाली तर उगाच नवीन भाषांतर करत बसू नका, तुमचं काम मग आमवाताच्या पेशंटमध्ये ती चालते का एवढंच तपासायचं, आणि तोही पूर्ण वाढलेला थिसिस आहे. नेटवरून कुठलीतरी पीडीएफ उचलून चालू करणं मात्र नको. एक तर पुढे जर्नल परवानगीचं पत्र मागतं, आणि दुसरं म्हणजे फिरणाऱ्या कॉप्यांमध्ये शेवटच्या प्रश्नांचा क्रम वेगवेगळा असतो, म्हणजे झोपेच्या गोळीचा प्रश्न एका कॉपीत आधी आणि एकूण झोप कशी हा शेवटी, दुसरीत उलट. स्कोअरिंग शीट एका कॉपीचं आणि फॉर्म दुसऱ्या कॉपीचा असं झालं की घटक अदलाबदल होतात आणि एकूण बेरीज बरोबर येत असल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही.

एथिक्स कमिटीला सिनॉप्सिस देताना मराठी संमतीपत्र जोडावं लागतं हे माहीत असेलच, आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना तिथे बघतात. त्यासोबत एक गोष्ट आत्ताच लिहून टाका, तुमची गृहीतकं. म्हणजे आयएसआयशी संबंध किती अपेक्षित आहे, वेदनेशी किती, डीएएस२८ शी (आमवाताचा जोर मोजणारा, २८ सांधे तपासून काढलेला आकडा) किती. डेटा हातात आल्यावर जे जुळलं तेच आम्हाला अपेक्षित होतं असं लिहिणं सोपं असतं, म्हणून ते आधी कागदावर आणि तारखेसह असावं.

भाषांतर

पद्धत ठरलेली आहे, बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेली, जवळपास सगळे तीच वापरतात. दोन जणांनी स्वतंत्रपणे इंग्रजीतून मराठीत करायचं, त्यातला एक डॉक्टर किंवा फिजिओ जो विषय जाणतो आणि दुसरा असा की ज्याला यातलं काही माहीत नाही, मराठी शिकवणारे सर किंवा मॅडम मिळाले तर सोन्याहून पिवळं. मग दोन्ही समोर ठेवून एक मसुदा. मग मूळ फॉर्म अजिबात न पाहिलेल्या दोघांनी तो परत इंग्रजीत न्यायचा. मग कमिटी बसते, सगळे भाषांतरकार, एक रूमॅटॉलॉजिस्ट, एक संशोधन पद्धती जाणणारा, आणि जमलं तर एक पेशंटसुद्धा बोलवा. मग ३० ते ४० पेशंटवर चाचणी.

परत इंग्रजीत नेण्याचं काम गूगलवर टाकायचा मोह होतो. नका टाकू. मशीन बिघडलेलं मराठी वाक्यसुद्धा गुळगुळीत इंग्रजीत करून देतं आणि चूक झाकली जाते, आपल्याला तर ती चूकच दिसायला हवी असते.

मराठीचा प्रश्न असा की कुठली मराठी? नागपूरच्या ओपीडीत वऱ्हाडी बोलणारे, धुळे-जळगावला अहिराणी, सिंधुदुर्गात मालवणी. सगळ्यांसाठी वेगळा फॉर्म होणार नाही, त्यामुळे साधी बोलीतली मराठी ठेवा जी कुठेही खटकत नाही. निद्रा, शय्या, व्यत्यय, औषधोपचार हे शब्द कमिटीत फार आवडतात, ओपीडीत कुणी वापरत नाही. झोप, अंथरूण, झोपमोड, गोळ्या. आणि अंथरूण यासाठी की निम्मे लोक गादी घालून खाली झोपतात, त्यांना बेडवर कधी जाता विचारलं तर आमच्याकडे बेड नाही असं प्रामाणिक उत्तर येतं. उत्तराचे चार पर्याय मात्र नीट जपा: महिनाभरात एकदाही नाही, आठवड्यातून एकदापेक्षा कमी, आठवड्यातून एकदा-दोनदा, आठवड्यातून तीनदा किंवा जास्त. याचं "कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी" केलं की वाचायला सोपं होतं पण मार्कांचा पाया जातो, कारण एकीचं कधीकधी म्हणजे दुसरीचं बऱ्याचदा.

एक प्रश्न गाडी चालवताना, जेवताना किंवा चारचौघांत असताना जागं राहायला त्रास झाला का असा आहे. आमवात बायकांमध्ये पुरुषांच्या दोन-तीनपट दिसतो आणि आपल्या ओपीडीतल्या बऱ्याच पेशंट गाडी चालवतच नाहीत, त्या थेट नाही म्हणतात आणि पुढचं ऐकतही नाहीत. इथे कमिटीने ठरवायचं की क्रम बदलायचा, म्हणजे जेवताना आधी आणि गाडी शेवटी, की भजन, हळदीकुंकू, टीव्ही असं काही जवळचं घालायचं. जे ठरेल ते का ठरलं हे तक्त्यात लिहा आणि मूळ मालकाला कळवा, स्वतःच्या मनाने प्रश्न गाळू नका.

पेशंटसमोर बसणं

आता मुख्य काम. चाचणीतल्या ३०-४० जणांना नुसता फॉर्म देऊन "समजलं का" विचारायचं नसतं, सगळे हो म्हणतात, डॉक्टरला नाही कोण म्हणणार. प्रत्येक प्रश्नानंतर विचारा की मावशी, यात काय विचारलंय ते तुमच्या शब्दात सांगा, आणि हे उत्तर कसं काढलंत. जे बोलतील ते तसंच्या तसं लिहा, सुधारून नाही. वयाने मोठ्या, कमी शिकलेल्या, पहिल्यांदा आलेल्या पेशंट मुद्दाम निवडा. कॉलेजात शिकलेल्या ताईंना सगळंच समजतं, त्यांच्याकडून फॉर्मचे दोष कळत नाहीत.

ही अशी बोलणी होतात, समजा:

मावशी, रात्री आडवं कधी होता?

दहाला. सिरियल संपली की.

आणि सकाळी उठता किती वाजता?

जाग पाचालाच येते. पण उठायला सात होतात, बोटंच वळत नाहीत बाळा, पाय टेकवत नाही.

रात्रभरात खरी झोप किती तास होते?

सहा असेल.

आता हे मार्कात घाला. पीएसक्यूआयमध्ये झोपेची कार्यक्षमता नावाचा घटक आहे, खरी झोप भागिले अंथरुणातला वेळ गुणिले १००. ८५ टक्क्यांच्या वर असेल तर ०, ७५ ते ८४ ला १, ६५ ते ७४ ला २, आणि ६५ च्या खाली ३. उठण्याची वेळ सात धरली तर अंथरुणात ९ तास, ६ भागिले ९ म्हणजे ६६.७ टक्के, मार्क २. पाच धरली तर ७ तास, ८५.७ टक्के, मार्क ०. तीच बाई, तीच रात्र, आणि दोन मार्कांचा फरक, जिथे सीमारेषाच ५ वर आहे. बाकीच्या घटकांचे ५ असतील तर एका हिशेबाने तिची झोप चांगली आणि दुसऱ्याने खराब.

आमवातात हे कायम होणार आहे कारण सकाळचा आखडलेपणा हाच या आजाराचा स्वभाव आहे. पहाटेच्या सुमारास शरीरात आयएल-६ सारखी सूज वाढवणारी द्रव्यं चढतात, शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल त्या मानाने पुरं पडत नाही, आणि पेशंट जागी होऊन पडून राहते. निरोगी माणसात जाग आणि अंथरूण सोडणं यात दहा-पंधरा मिनिटं असतात म्हणून मूळ प्रश्नावलीला तिथे काही अडत नाही. मूळ प्रश्न अंथरूण सोडण्याबद्दल आहे, तर मराठीतही "अंथरुणातून बाहेर कधी पडता" असं स्वच्छ असायला हवं, नुसतं "उठता कधी" म्हटलं की निम्म्या पेशंट जाग येण्याची वेळ सांगणार आणि निम्म्या बाहेर पडायची. माझं मत असं की जाग येण्याची वेळ वेगळा, मार्क नसलेला प्रश्न म्हणून शेवटी विचारून ठेवावी, आणि विश्लेषणात दोन्ही पद्धतीने कार्यक्षमता काढून किती पेशंट सीमारेषेच्या इकडचे तिकडे झाले ते सांगावं. तुमच्या थिसिसमधलं सगळ्यात उपयोगी टेबल हेच होईल, अल्फाचं नाही.

अशा अजून काही जागा आहेत जिथे कान देऊन ऐकायचं. झोप यावी म्हणून गोळी घेता का, हा एक. पेशंट रात्री जेवणानंतर मूठभर गोळ्या घेते, त्यात वेदनाशामक, कॅल्शियम, कधी ॲमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी, आणि ती म्हणते हो घेते की रोज. तिला विचारा की कोणती गोळी कशासाठी, तेव्हा कळतं. प्रश्नात "फक्त झोप लागावी म्हणून" हे ठळक करा आणि औषधांची चिठ्ठी शेजारी ठेवून पडताळा. ॲमिट्रिप्टिलिनचं काय करायचं, वेदनेसाठी दिलेली पण झोपही आणणारी, हा नियम सुरू करण्याआधीच लिहून ठेवा, प्रत्येक रेसिडेंटने आपापल्या मनाने ठरवायचं नाही.

झोपेचे तास सांगताना दुपारची वामकुक्षी मिळवली जाते, हा दुसरा. "फक्त रात्रीची झोप" असं लिहिलं असलं तरी तोंडी विचारून बघा. तिसरा म्हणजे वेदनेमुळे झोपमोड. आमवाताच्या पेशंटला "दुखण्यामुळे" म्हटलं की सांधेच आठवतात, डोकेदुखी किंवा पाळीची पोटदुखी त्या "इतर कारण" मध्ये घालतात आणि एकच गोष्ट दोन ठिकाणी विखुरते. "अंगात कुठेही दुखल्यामुळे" केलं तर बरं. इतर कारणाची रेघ कोरी असेल तर तिथे ० धरायचं असतं, गहाळ नाही.

आणि हात. हे इतकं उघड आहे तरी राहून जातं. ज्या पेशंटची बोटं वाकडी झालीत, मनगट सुजलंय, त्यांना पेन धरणं हीच शिक्षा असते, छोट्या चौकटीत टिक करायला सांगितलं तर तिसऱ्या प्रश्नानंतर त्या कुठेही टिक करतात. अक्षर मोठं, चौकट मोठी, वेळ लिहिण्याऐवजी घड्याळाच्या आकड्याला गोल करता येईल अशी सोय. नाहीतर सरळ तुम्हीच वाचून भरा. फक्त स्वतः भरलेले फॉर्म किती आणि वाचून भरलेले किती याची नोंद ठेवा आणि दोन्ही गटांचे मार्क वेगळे बघा, कारण तुमच्यासमोर बोलताना नवऱ्याच्या घोरण्याबद्दल किंवा कामाचा उत्साह वाटत नाही याबद्दल सगळ्या जणी खरं बोलतीलच असं नाही. सून किंवा नातू शेजारी बसून उत्तरं देत असेल तर तो फॉर्म बाद. गोड बोलून त्यांना चहाला पाठवा.

कोणाला घ्यायचं, किती

आमवाताचं निदान २०१० च्या एसीआर-युलार निकषांवर, १० पैकी ६ किंवा जास्त. संधिवात म्हणून आलेल्या गुडघेदुखीच्या आजीबाई यात शिरणार नाहीत हे बघा, पेशंटच्या तोंडी सगळाच संधिवात असतो. ओपीडीत येतील त्या क्रमाने घ्या, ओळखीच्या आणि बोलक्या निवडू नका. बाहेर कोणाला ठेवायचं यावर वाद होतो. घोरणं-श्वास थांबणं, पाय वळवळणं, नैराश्य, फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखण्याचा आजार) या सगळ्यांनी झोप बिघडते आणि आमवातासोबत हे येतंच, सगळ्यांना बाहेर काढलं तर उरलेला गट ओपीडीत भेटणाऱ्या पेशंटसारखा राहतच नाही. नोंद करा, बाहेर काढू नका. रात्रपाळी करणाऱ्या आणि तान्हं बाळ असलेल्या तेवढ्या वगळा, त्यांची झोप प्रश्नावलीच्या आवाक्याबाहेरची.

संख्येसाठी कॉस्मिन, म्हणजे अशा प्रश्नावल्या तपासण्याचे आंतरराष्ट्रीय निकष, बघतात. सात घटकांसाठी सातपट म्हणजे ४९, पण किमान १०० हवेतच असा तिथला दंडक आहे, तर १०० च्या वर जा, जमलं तर १५०. पुन्हा भरून घेण्यासाठी निदान ५०, आणि गळती धरून ६५-७० जणांना सांगून ठेवा कारण तालुक्याच्या गावाहून येणारी पेशंट दोन आठवड्यांनी फक्त तुमच्या फॉर्मसाठी परत येणार नाही, कितीही गोड बोललात तरी.

सोबत काय भरून घ्यायचं: आयएसआय, वेदनेची ० ते १० ची रेघ, डीएएस२८, कामाच्या क्षमतेसाठी एचएक्यू, आणि मूडसाठी पीएचक्यू-९. एचएक्यूची भारतीय आवृत्ती घ्या ज्यात मांडी घालून आणि उकिडवं बसण्यासारख्या गोष्टी आहेत, मूळ अमेरिकन फॉर्म इथे अर्धा वाया जातो. आणि या सगळ्यांच्या मराठी आवृत्त्याही तपासलेल्या असायला हव्यात, नाहीतर एका न तपासलेल्या मापाने दुसरं न तपासलेलं माप मोजल्यासारखं होतं. याहून जास्त फॉर्म नकोत. पाऊण तास बसवलं की शेवटच्या फॉर्मवर सगळी उत्तरं एका रांगेत येतात. पेशंट उठायच्या आधी फॉर्म चाळून घ्या, झोपायची किंवा उठायची वेळ सुटली तर तो घटकच काढता येत नाही आणि घटक गेला की एकूण मार्क गेले.

दुसऱ्यांदा भरून घेणं

एक ते दोन आठवड्यांचं अंतर ठेवतात. प्रश्नावली महिन्याबद्दल विचारते, म्हणजे दोन्ही वेळचे महिने एकमेकांत शिरतात, ते चालतं. अट एकच, मधल्या काळात पेशंट बदलली नसावी, आणि आमवातात नेमकं हेच अवघड. ज्या दिवशी ओपीडीत फॉर्म भरला त्याच दिवशी डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू केलं किंवा सांध्यात इंजेक्शन दिलं तर ती चार दिवसांत निवांत झोपायला लागणार, आणि तुमचा आयसीसी (दोन्ही वेळचे मार्क किती जुळतात त्याचा आकडा) घसरणार, दोष मात्र प्रश्नावलीच्या माथी. मेथोट्रेक्सेट या आमवाताच्या नेहमीच्या औषधाला परिणाम दाखवायला आठवडे लागतात, त्यामुळे आज सुरू केलं तर दोन आठवड्यांत फार फरक नसेल, पण महिना-दीड महिन्यापूर्वी सुरू केलेली पेशंट मात्र नेमकी याच काळात सुधारत असते, तिला घेऊ नका. ज्यांच्या गोळ्या गेले तीन महिने त्याच आहेत आणि आजही बदलल्या नाहीत त्याच घ्या, आणि दुसऱ्या वेळी आधी एक प्रश्न विचारा, गेल्या वेळेपेक्षा झोप बरी, तशीच, की वाईट. "तशीच" म्हणणाऱ्यांचाच आयसीसी काढायचा.

फोनवर घेतलं तर चालतं पण मग पहिली वेळही तुम्हीच वाचून भरलेली असावी, कागद विरुद्ध फोन असं नको. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवाल तर ती भरतो कोण हे देवालाच ठाऊक. आणि कॅलेंडर बघा. दिवाळीच्या फराळाचे दिवस, घरातलं लग्न, आषाढीची वारी, या काळात निरोगी माणसाचीही झोप जागेवर नसते.

आकडे

वेळा २४ तासांच्या घड्याळात भरा. रात्री साडेबारा आणि दुपारी साडेबारा यातला गोंधळ एक्सेलला कळत नाही, आणि मध्यरात्र ओलांडली की साध्या वजाबाकीत अंथरुणातला वेळ उणे येतो, तिथे मॉड फंक्शन वापरा. कुणाची कार्यक्षमता १०० टक्क्यांच्या वर आली तर फॉर्म परत उघडून बघा, झोपेचे तास अंथरुणातल्या वेळेपेक्षा जास्त सांगितलेत, बहुतेक तीच दुपारची झोप.

अल्फा सात घटकांवर काढतात, १९ प्रश्नांवर नाही, कारण त्यातले काही प्रश्न घड्याळाच्या वेळा आहेत. ०.७० च्या वर आला की बास. मूळ १९८९ च्या कामात तो ०.८३ होता. तुमचा ०.६८ आला तर जग बुडत नाही. बहुतेक वेळा झोपेच्या गोळीचा घटक खाली ओढतो, कारण गोळी घेणाऱ्या थोड्या असल्या की बाकी सगळ्यांचे ० येतात आणि जिथे फरकच नाही तिथे संबंध कुठून येणार. सॉफ्टवेअर सांगेल की हा घटक काढला तर अल्फा वाढेल. काढू नका, काढलात की तुमचे मार्क जगातल्या कुणाशीच ताडून बघता येणार नाहीत. नुसतं लिहा की असं झालं आणि का झालं.

आयसीसीला एसपीएसएसमध्ये एक खाचखळगा आहे. आपोआप जे निवडलेलं असतं ते कन्सिस्टन्सी, तुम्हाला हवंय ॲब्सोल्यूट ॲग्रीमेंट. पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी सगळ्यांनी दोन-दोन मार्क कमी दिले तरी कन्सिस्टन्सी म्हणते सगळं उत्तम. आणि निकालात दोन ओळी येतात, सिंगल मेझर्सची वाचायची, ॲव्हरेजची मोठी दिसते म्हणून ती उचलायची नाही. ०.७० च्या वर मान्य. मग तिथे थांबू नका, मोजमापाची चूक काढा: मार्कांचं प्रमाण विचलन गुणिले वर्गमूळात १ वजा आयसीसी. समजा विचलन ४ आणि आयसीसी ०.८५, तर चूक साधारण १.५५, आणि तिला १.९६ आणि २ च्या वर्गमूळाने गुणलं की ४.३. म्हणजे एकाच पेशंटचे मार्क ११ वरून ८ झाले तर औषधाने झोप सुधारली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, तेवढा हेलकावा प्रश्नावलीचाच आहे. आयसीसी चांगला दिसत असतानाही हे होतं, आणि ओपीडीतल्या डॉक्टरला कामाचा आकडा हाच.

संबंधांकडे येताना वेदनेचं कोडं लक्षात ठेवा. पीएसक्यूआयमध्ये स्वतःमध्येच दुखण्याचा प्रश्न आहे, मग वेदनेच्या रेघेशी संबंध चांगला येणारच, त्यात शौर्य काय. तो प्रश्न वगळून एकदा पुन्हा संबंध काढा आणि दोन्ही द्या. आयएसआयशी ०.५ च्या वर अपेक्षा ठेवा, वेदना आणि एचएक्यूशी ०.३ ते ०.५, डीएएस२८ शी त्याहून कमीच, कारण त्यात रक्तातून सूज दाखवणारे ईएसआर किंवा सीआरपी आणि सुजलेले सांधे पण मोजलेले असतात जे झोपेशी थेट बोलत नाहीत. लिहिलेल्या गृहीतकांपैकी ७५ टक्के जुळली की कॉस्मिनच्या हिशेबाने पास. शिवाय डीएएस२८ २.६ च्या खाली (आजार शांत) असलेल्या आणि ५.१ च्या वर (आजार जोरात) असलेल्या पेशंटचे मार्क शेजारी ठेवून बघा, हा फरक दिसायलाच हवा. परीक्षक विचारतात की पॉलिसोम्नोग्राफीशी (तारा लावून रात्रभर झोप मोजायची तपासणी) का नाही ताडलं. उत्तर द्या की ती वेगळी गोष्ट मोजते, माणसाला झोप कशी वाटली आणि मेंदूच्या तारांनी काय दाखवलं यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही.

फॅक्टर ॲनालिसिस म्हणजे सात घटक मिळून किती वेगळ्या गोष्टी (फॅक्टर) मोजतात ते बघणं. एकूण मार्क एकच काढताना फॅक्टरही एकच असं गृहीत धरलेलं असतं पण पीएसक्यूआयची घडण गटागणिक बदलते, २००६ साली कोल आणि सहकाऱ्यांनी तीन फॅक्टरची मांडणी दिली होती. तर एक फॅक्टर, दोन आणि तीन अशा तिन्ही मांडण्या तपासा. मार्क ० ते ३ चे आहेत म्हणून क्रमवार डेटाची पद्धत घ्या, आर या सॉफ्टवेअरमधलं लव्हान फुकट आहे, जॅस्पही चालतं. मांडणी डेटाला किती बसते हे सांगणारे आकडे, म्हणजे सीएफआय ०.९५ च्या वर, आरएमएसईए ०.०६ च्या खाली असं बघतात. १०० पेशंटवर आकडे डळमळीत येतील, तेही लिहा.

सीमारेषेबद्दल एक इशारा. ५ चा आकडा निरोगी माणसं, नैराश्याचे पेशंट आणि झोपेच्या विकारांचे पेशंट यांच्यावरून आला, त्यात आमवात नव्हता. तुमच्या गटात बहुसंख्य ५ च्या वर जातील आणि मग "इतके टक्के पेशंटची झोप खराब" हे वाक्य सारांशात टाकायचा मोह होईल. ते या अभ्यासाचं उत्तर नाही, त्या आकड्याची आमवातासाठी परीक्षा घ्यायची तर झोपेच्या डॉक्टरने स्वतंत्र निदान करून आरओसी (कुठल्या आकड्यावर सीमारेषा बरोबर बसते ते दाखवणारा आलेख) काढावा लागतो.

लिहिताना कॉस्मिनची २०२१ ची रिपोर्टिंगची यादी समोर ठेवा. भाषांतरातले निर्णय, पेशंटनी बोललेली वाक्यं, कुठला शब्द बदलला ते परिशिष्टात जाऊ द्या. मराठी फॉर्मच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक आणि महिना छापा, आणि अंतिम प्रत मूळ मालकाला पाठवा, म्हणजे पुढच्या बॅचची कुणी तोच विषय घेऊन आली तर तिला ईप्रोव्हाइडवर सापडेल आणि ती थेट दुसऱ्या जिल्ह्यातल्या पेशंटपासून सुरुवात करू शकेल.